माझ्या बेसची वायर कुठं गेल्ती

आमच्या गायन पार्टीत मी बेस गिटार वाजवतो. हे वाक्य मी लोकांना सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बेस म्हणजे कोणता? तो चार तारांचा? बाकीच्या दोन तुटल्या का?" न्हाई बाबा, तुटल्या न्हाईत, कंपनीनंच दिल्या न्हाईत. मंग समोरचा माणूस माझ्याकडं असा बघतो की दुकानदारानं मला बराबर गाठून फसवलंय आणि मला अजून पत्ता न्हाई.

दिवसा मी जालन्यात एका बियाण्याच्या गोदामावर काम करतो. पार्टी माझ्या मोठ्या भावाची. तो गातो, आणि चांगला गातो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे बोलणार आहे ते जळून बोलतोय असं कोणी म्हणायला नको. जयंतीचे दिवस, वर्धापनदिन, विहाराचं उद्घाटन, कोणाच्या पोराला नोकरी लागली म्हणून ठेवलेला कार्यक्रम, सगळीकडं दादाची पार्टी. एक ऑर्गनवाला, एक ऑक्टोपॅडवाला, दोन कोरसला, आणि शेवटी, पोस्टरच्या अगदी कोपऱ्यात, काळा गॉगल घातलेला मी. गॉगल दादानंच आणून दिल्ता. म्हणे बेसवाल्याला शोभतो.

माझ्या गिटारवर तारांचा आवाज पकडणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, त्यांना पिकअप म्हणतात, आणि तीन बटणं आहेत. वरचं पुढच्या पिकअपच्या आवाजाचं, मधलं मागच्या पिकअपच्या आवाजाचं आणि खालचं टोनचं. पुढचा पिकअप गोल, जाड बोलतो. मागचा जरा नाकात बोलतो. टोन बंद करत गेलं की तारेचा खणखणाट जातो आणि नुसता गाभा उरतो. एवढंच शास्त्र. पण या तीन बटणांवर सल्ला न देणारा माणूस मला आख्ख्या जिल्ह्यात अजून भेटला न्हाई. ऑर्गनवाला म्हणतो टोन उघड, चावतच न्हाई. ऑक्टोपॅडवाला म्हणतो टोन बंद कर, माझ्या किकच्या ठोक्यावर येऊन राह्यला. कमिटीचे अध्यक्ष म्हणतात वाढवा, पत्रा वाजला पाहिजे. आमच्याकडं गावात साऊंडची परीक्षा अशीच होते. मंडपाशेजारच्या घरावरचा पत्रा थरथरला तर साऊंड भारी, न्हाई थरथरला तर पैसे वाया. आणि दादा? दादा माइक हातात घेऊन, गाता गाता, चेहऱ्यावरचं हसू बिलकुल न हालवता, पाठीमागं हात नेऊन तळवा खाली दाबतो. म्हणजे: कमी कर.

दादाचा तो तळवा मी इतका बघितलाय की त्याच्यावरच्या रेषा मला पाठ आहेत. कमी कर. अजून कमी. आणि मी गुणी लहान भाऊ, कमी करायचो.

आता बाबांचं सांगतो. आमचे बाबा टेंभुर्णीत राहतात. गवंडीकाम करायचे आणि ढोलकी वाजवायचे. गावातलं विहार उभं राहिलं तेव्हा भिंतीवर बाबांचाच हात होता, आणि काम चालू असतानाच त्यांनी एक गाणं जुळवलं: 'वीट तुझी न् वीट माझी, भिंत झाली आपली.' शब्द म्हणाल तर साधे. सगळी गंमत ढोलकीत. ओळ संपली की गाणारा थांबायचा आणि बाबांच्या ढोलकीची डावी, जाड आवाजाची पुडी एकटी बोलायची. धुम्म. मनगट पुडीवर दाबत पुढं सरकवायचे, तसा तो आवाज खालून वर चढायचा. वीट बसली, असं वाटायचं. मंग पुढची ओळ. मी लहान असताना त्या धुमची वाट बघत कडवंच्या कडवं ऐकायचो, शब्द गेले खड्ड्यात.

मागं बाबांना झटका आला आणि डावी बाजू गेली. चालतात काठी घेऊन, बोलतात तर पहिल्यापेक्षा जास्त, पण डावा हात मांडीवर पडलेला असतो. ढोलकी खुंटीला. आणि ते गाणं दादानं पार्टीत घेतलं. ओळ संपली की आता ऑक्टोपॅड वाजतो. टण टणाटण टण, मधेच काच फुटल्याचा आवाज, वरून शिट्टी. लोक नाचतात. बाबा गप बसतात.

मी बेस घेतला तो त्याच्यासाठी. लोकांना सांगताना मी वेगळी कारणं सांगतो, पण खरं कारण तेच. मला ती धुम परत पाहिजे होती, आणि ढोलकी माझ्या हाताला कधीच बसली न्हाई.

तर झालं असं की पार्टीत लागल्यापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर बाबांचा फोन यायचा. जवळपास कार्यक्रम असला की ते येऊन पुढच्या खुर्चीत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न.

"काल तू वाजवत होता का नुसता उभा होता?"

"वाजवत होतो की, बाबा."

"मला तर काही ऐकू आलं न्हाई."

"अहो, बेस ऐकायचा नसतो. तो जाणवतो."

हे वाक्य मी मोबाइलवरच्या शिकवणीतून उचललं होतं. तिथं एक केसाळ माणूस डोळे मिटून हे सांगतो आणि फार खरं वाटतं.

"मला जाणवलं बी न्हाई," बाबा म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

मला राग यायचा. म्हटलं म्हातारपण आहे, कान गेले असतील, त्यात ऑक्टोपॅडचा धुडगूस. माझ्या पायाखालचं स्टेज तर हादरत असायचं. प्रत्येक ठोक्याला पोटऱ्यांत कळायचं. तो हादरा माझाच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर लागतो, तो फक्त दादासमोर असतो, कारण गातो तो. मी मात्र पायानं ऐकायचो आणि खूष व्हायचो.

मंग धावडा गावचा कार्यक्रम आला. संध्याकाळ होती, मैदान भरलेलं. दुसऱ्या की तिसऱ्या गाण्यात ऑक्टोपॅडवाल्याच्या पायात त्याचीच वायर अडकली आणि त्याचं यंत्र बंद पडलं. अशा वेळी काय व्हायला पाहिजे? ऑर्गन वाजतोय, दादा गातोय, आणि खाली मी आहेच. माझी तर हीच वेळ. मी होता नव्हता तेवढा जोर लावून तार ओढली.

काही न्हाई. म्हणजे बिलकुल काहीच न्हाई. पायाखालचं स्टेज गार. माझ्या नखाची तारेवर होणारी टिकटिक मला ऐकू आली, बस. ऑक्टोपॅडवाल्यानं वायर खोचली आणि स्टेज पुन्हा हादरायला लागलं.

आता माझ्या जागी शहाणा माणूस असता तर गाणं संपल्यावर विचारपूस केली असती. मी पुढच्या गाण्यात वेगळंच गाणं वाजवलं. खरं सांगतो. दादा एका पट्टीत, मी भलत्याच. तो कडव्यावर, मी लग्नात वाजतं तसलं काहीतरी, ताल तिसराच. माझ्या डोक्यात इतका गोंगाट चालला होता की मलाच घाम फुटला. म्हटलं आता कोणीतरी वळून बघेल, ऑर्गनवाला तरी शिवी घालेल. ऑर्गनवाल्यानं माझ्याकडं बघून मान डोलावली. आणि गाणं संपल्यावर दादानं माइक वर केला, "आणि बेस गिटारवर माझा धाकटा भाऊ! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" झाल्या. मैदानानं टाळ्या दिल्या. एकानं शिट्टी बी मारली.

कार्यक्रम संपल्यावर मी गिटार गळ्यात तशीच ठेवली आणि वायर धरून निघालो. माझ्या वायरचं दुसरं टोक नेहमी साऊंडवाला घ्यायचा. हा आमचा कायमचा माणूस, वय माझ्यापेक्षा जास्त, दिवसा पंपाच्या जळलेल्या मोटारी भरतो. दर वेळी मोठ्या अदबीनं "द्या इकडं, भाऊ" म्हणून पिन हातातून घ्यायचा आणि पडद्यामागं जायचा. मला वाटायचं किती काळजी घेतो गरीब. मी पडद्यामागं गेलो. वायर सगळे आवाज जिथं एकत्र होतात त्या मिक्सरच्या बाजूनं गेली, मिक्सर ओलांडून पुढं गेली, आणि मंडपाच्या बांबूला गाठ मारून बांधलेली होती. छान गाठ. सुतळीनं, दोन वेढे.

"हे काय, भाऊ?"

साऊंडवाल्यानं बांबूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "दादाला विचारा."

दादा पाणी पीत होता. म्हटलं, "दादा, माझी वायर बांबूला बांधलेली हाय."

"मंग? लोंबकळत ठेवायची का? कोणाचा पाय अडकला असता."

"मिक्सरला काऊन लावली न्हाई?"

"अरे, बेस चालू केला की माझा आवाज दबतो. सुरवातीला लावून बघितल्ता न एकदा. लोकायला शब्द कळाले पाहिजे."

"कधीपासून?"

"सुरवातीपासूनच समज." तो इतक्या शांतपणे बोलून राह्यला होता जसं काही मीच उशिरा विचारलं. "गिटार दिसायला पाहिजे, वेड्या. पोस्टर भरून दिसतं. सगळ्या मोठ्या पार्टीत असतो बेसवाला."

"अन् तू मला हातानं कमी कर, कमी कर करतो, ते काय मंग?"

यावर मात्र दादा जरा गडबडला. "सवय," म्हणाला.

मला त्या क्षणी कोणती गोष्ट जास्त लागली ते सांगतो. वायर न्हाई. बाबा बराबर होते, ही गोष्ट. इतके दिवस तो माणूस पुढच्या खुर्चीत बसून कान देऊन मला शोधत होता, आणि मी त्याला वर तोंड करून सांगत होतो की बेस जाणवतो. बाबांचे कान शाबूत होते. मलाच काही कळत नव्हतं.

पुढचा कार्यक्रम टेंभुर्णीतच होता, विहाराच्या वर्धापनदिनाचा, दुपारचा. बाबा पहिल्या रांगेत असणार आणि ते गाणं होणार. मी दादाला म्हटलं, "त्या एका गाण्याला माझी पिन लाव. ओळ संपली की ऑक्टोपॅड गप, ती जागा माझी. बाकी सगळ्या गाण्याला मी गॉगल घालून उभा राहतो."

"बाबा समोर हायेत. घोळ झाला म्हणजे?"

"घोळ झाला तर मी गिटार सोडली. पोस्टरवर तू एकटाच राह्य."

दादानं विचार केला. बहुतेक एकट्याचं पोस्टर त्याला वाईट वाटलं नसावं. "बरं," म्हणाला. "पण आवाज मी लावून देईन तेवढाच. तू हात लावायचा न्हाई."

मंग मी घरी बसलो. खोलीत गिटारचा छोटा स्पीकर, म्हणजे अँप आहे, त्याच्यावर. आता मला वाजवायला येत होतं, अडचण वेगळीच होती. ढोलकीची डावी पुडी आणि बेस गिटार यांचं काही नातं न्हाई. टोन उघडा ठेवला की तार किणकिणायची. टोन पूर्ण बंद केला की आवाज असा यायचा की शेजारच्या खोलीत कोणी गादी आपटतंय. मागचा पिकअप लावला की नाकात. दोन्ही लावले की ना इकडचा ना तिकडचा. आवाज वाढवला की फळीवरचे डबे बोलायला लागायचे.

बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, साखरेचा डबा चालत कडेला आलाय. तुमचं काय चाललंय नक्की?"

"बाबांची ढोलकी शोधून राह्यलो."

"ती टेंभुर्णीला खुंटीवर हाय," ती म्हणाली आणि डबा खाली ठेवून गेली.

तारा फार वेळ वाजत राहतात, हे मला उशिरा ध्यानात आलं. पुडी धुम्म करते आणि विझते. बेस धुम्म करतो आणि पाहुण्यासारखा बसूनच राहतो. मी जुन्या बनियनची घडी करून तारांच्या शेवटी, खाली दाबून बसवली. वाजवलं. तार बोलली आणि विझली. मागचा पिकअप बंद, पुढचा अर्ध्यावर. टोन आधी पूर्ण बंद, मंग केसभर उघडला, एवढाच, की बोटाचं कातडं तारेला लागलेलं कळावं. मंग एक सूर धरून बोट तारेवरून वर सरकवलं. खालून वर चढत गेला.

तो होता. म्हणजे हुबेहूब न्हाई, ढोलकी ती ढोलकी. पण वीट बसल्यासारखं वाटलं. मी खोलीत एकटाच मोठ्यानं "अगं, सापडला!" असं ओरडलो. आतून उत्तर आलं, "मंग आता बंद करा."

टेंभुर्णीला विहारासमोर मंडप होता आणि शेजारी सभेचं पत्र्याचं शेड. बाबा आधीच येऊन बसले होते, पांढरा सदरा, काठी गुडघ्यामधे, डावा हात मांडीवर. मी पाया पडलो.

"आज वाजवणार का उभा राहणार?"

"वाजवतो, बाबा."

"बघू," बाबा म्हणाले.

साऊंडवाल्यानं माझी पिन खरोखर मिक्सरला लावली. मी स्वतः मागं जाऊन बघून आलो, आता माझा कोणावर विश्वास राहिला नव्हता. आणि मंग दादा आला काळी टेप घेऊन. माझ्या देखत बेसवर वाकला आणि सगळ्यात खालच्या बटणावर टेपचे चांगले चार-पाच वेढे मारले, वर अंगठ्यानं दाबून. "हा आवाज इथंच राहणार. हालवला तर बघ."

खालचं बटण टोनचं. पार्टीचा मालक, आयुष्यभर मला कमी कर म्हणणारा माणूस, त्याला आवाजाचं बटण कोणतं हे ठाऊक नव्हतं. आणि टोन मी घरूनच लावून आल्तो, बनियनच्या घडीसकट. दादानं तो जागच्या जागी पक्का करून दिला. माझ्या बेससाठी त्यानं केलेली ही पहिलीच मदत.

गाणं लागलं. दादानं पहिली ओळ म्हटली, ऑक्टोपॅड ठरल्याप्रमाणं थांबला आणि मी वाजवलं. आवाज आला पण मेलेला. साऊंडवाल्यानं दादाला भिऊन मला मिक्सरवर कोपऱ्यात ठेवलं होतं. मी बाबांकडं बघितलं. बाबा ऑक्टोपॅडकडं बघत होते, याचं यंत्र बंद पडलं की काय म्हणून.

दुसरी ओळ. दादा ओळीच्या शेवटाला चालला होता. मी करंगळीनं वरचं बटण धरलं आणि उघडलं, सगळंच.

धुम्म.

शेडचा पत्रा थरथरला. मंडपातल्या खुर्च्या हालल्या, कोरसवाल्या दोघी मागं वळल्या, कमिटीचे अध्यक्ष आनंदानं उभे राहिले. दादाचा तळवा पाठीमागं आला, कमी कर, कमी कर! न्हाई करत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कमी करायला माझा आवाज होता, आणि मी न्हाई केला.

मंग बाबांनी मान वळवली. सरळ माझ्याकडं, माझ्या हाताकडं. उजवा हात काठीवरून उचलला, आडवा धरला आणि तळवा खाली दाबला. कमी कर.

बाबांना ऐकू आलं होतं!

मी बटण थोडं फिरवलं. पुढची ओळ, धुम्म. बाबांचा तळवा अजून खाली दाबतच. अजून थोडं फिरवलं. धुम्म. हात तसाच. गाणं चालू होतं, दादा गात होता, आणि मी त्याच्याकडं न बघता एका म्हाताऱ्या तळव्यावर आवाज लावून राह्यलो होतो. शेवटी तो हात थांबला, हवेतच, आणि हळूच काठीवर परत गेला. मी बटण सोडून दिलं. नंतर पूर्ण गाणं बाबा डोळे मिटून बसले होते. डावा हात मांडीवर होता, तो हालला वगैरे न्हाई, उगाच कशाला खोटं बोलू. माझे डोळे भरले होते आणि त्या दिवशी गॉगल बरा कामाला आला.

कार्यक्रम झाल्यावर दादा टेप काढायला आला न्हाई. लोक त्याला येऊन सांगत होते की आज पार्टी काहीतरी वेगळीच लागली, आणि तो "मेहनत आहे" असं म्हणत होता. म्हणू दे. मी गिटार पिशवीत घातली आणि बाबांना धरून घराकडं निघालो. वाटेत मलाच राहवलं न्हाई.

"आला का ऐकू?"

"आला." काठी टेकवत ते चार पावलं चालले आणि थांबले. "तिसऱ्या कडव्याला चुकला तू. आधी टाकलास. ओळ संपू दिली न्हाईस."

धावड्याला मी आख्खं गाणं चुकीचं वाजवलं होतं आणि मैदानभर टाळ्या घेतल्या होत्या. मी बाबांचा हात घट्ट धरला. म्हटलं, "कुठं चुकलो? नीट सांगा न." मंग घर येईपर्यंत बाबा मला माझी चूक सांगत राहिले.